मनातलं कुठल्या पानावर आहे?

माझ्या वर्गात एकोणीस मुलं आहेत आणि त्या सगळ्यांत मिळून आई एकच आहे. ती पहाटे पाचला उठते, सडा-रांगोळी करते, तुळशीला पाणी घालते, खूप प्रेमळ आहे, कधीकधी रागावते, पण ते आमच्या भल्यासाठीच असते. या बायकांना मी ओळखते. सहा-सातजणींच्या दारात आता फरशी आहे, एकीचा उंबरा थेट डांबरी रस्त्यावर उतरतो आणि एक पहाटे पाचला उठूच शकत नाही, कारण ती तीनलाच उठून ऊस तोडायला गेलेली असते. पण निबंधात सगळ्यांच्या अंगणात सडा पडलेला. आमच्याकडे तिसरी-चौथी एकत्र बसते. त्यात एक सख्खी भावंडांची जोडी आहे. त्या दोघांच्या आया मात्र वेगवेगळ्या निघाल्या, कारण दोघांनी वेगवेगळ्या गाइडमधून उतरवून घेतल्या होत्या.

हे असंच चाललं असतं. पण ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली आणि आमच्यामागे हस्तलिखित लागलं. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची जयंती, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, दरवर्षी असतोच. त्या दिवशी आम्ही फलकलेखन करतो, ग्रंथदिंडी काढतो आणि पालखीत बालभारतीची पुस्तकं ठेवतो. त्या वर्षी मात्र ग्रुपवर रात्री पावणेनऊला 'तात्काळ' असं लिहिलेला मेसेज आला. प्रत्येक शाळेने 'विद्यार्थ्यांच्या स्वनिर्मित लेखनाचे' हस्तलिखित तयार करावे, प्रकाशन शाळा व्यवस्थापन समितीच्या हस्ते करावे, फोटो पाठवावेत. आमची शाळा दोन शिक्षकी. सरांनी फोटोची जबाबदारी घेतली. लेखन माझ्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर मी वर्गाला सांगितलं, "गाइड बंद. पाठ केलेलं चालणार नाही. मनातलं लिहायचं."

वर्ग शांत. मग मागच्या रांगेतून एक हात वर आला.

"बाई, मनातलं म्हणजे कुठल्या पानावरचं?"

"पानावरचं नाही रे. तुझ्या डोक्यातलं."

"मग वहीत लिहायचं नाही?"

तिथून लेखन सुरू व्हायला पस्तीस मिनिटं लागली. समास आखू का? लाल पेनने की निळ्या? तारीख इकडे की तिकडे? शीर्षकाखाली एक रेघ की दोन? वर्गात चालणारा शार्पनर एकच. त्याच्या मालकिणीने रांग लावली आणि मैत्रिणींना पुढे घेतलं, त्यावरून भांडण. चौथीतल्या एकाने शिसपेन्सिलीला इतकं टोक काढलं की शेवटी हातात नुसतं टोकच राहिलं. मग तो पेन्सिल मागायला दुसऱ्या वर्गात गेला आणि मधली सुट्टी झाल्यावर उगवला.

"बाई, किती ओळी?"

"कितीही."

हे मी बोलायला नको होतं. कितीही ही संख्या त्यांना अजून शिकवलेली नाही. मुलं घाबरून एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली, "दहा म्हणा की बाई." मी दहा म्हणाले. लगेच सगळ्यांची अक्षरं मोठी झाली. एका ओळीत तीन शब्द, दोन शब्दांमध्ये एक उभी वाटी बसेल एवढी जागा.

वह्या घरी आणल्या. रात्री सासूबाई समोर गवार निवडत बसलेल्या, मी लाल पेन घेऊन. पहिलीच वही पावसाळ्याची.

'पावसाळा हा ऋतूंचा राजा आहे. मोर पिसारा फुलवून नाचतो. आमच्या घरात सात ठिकाणी गळतं. पातेली कमी पडली मग आईने माझा डबा लावला. म्हणून मी दुसऱ्या दिवशी डबा आणला नाही तर बाई ओरडल्या.'

राजा आणि मोर गाइडमधले, डबा घरचा. (राजेपदाचं म्हणाल तर तो मान वसंताचा. पण उन्हाळा आणि हिवाळा या विषयांच्या वह्यांमध्येही प्रत्येकी एक राजा होताच.) जुलैमध्ये मी त्या मुलाला डब्यावरून झापलं होतं, हे मला आठवेना. त्याला मात्र फेब्रुवारीत आठवत होतं.

पुढची वही ऊसतोडीवाल्यांच्या मुलीची. ती दिवाळीनंतर बीडकडून येते आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की जाते. विषय 'माझे घर'. तिने दहाऐवजी चारच ओळी लिहिल्या होत्या. त्यातली तिसरी : 'आमचं घर ट्रॅक्टरमध्ये बसतं.' या वाक्याला मी पेन लावलं नाही. खरं तर त्यात चूकही नव्हती.

मग आली म्हैस. 'माझा आवडता प्राणी'. हा मुलगा वर्गात फारसं बोलत नाही. वहीत मात्र तो सुटला होता.

'आमची म्हैस काळी आहे. ती वैरण खाते. सकाळी बाबा धार काढतात. मग बाबा दुधात थोडं पाणी घालतात. मग डेअरीत फॅट कमी लागते. मग बाबा घरी येऊन म्हशीला शिव्या देतात. म्हैस काही बोलत नाही. मला म्हैस आवडते.'

मी पेन खाली ठेवलं. कारण, परिणाम, अन्याय आणि पात्राचं मौन, सगळं आठ वाक्यांत आलं होतं. मला बी.ए.ला मराठी होतं. तिथे याला नक्की काहीतरी नाव असेल. पण माझ्यासमोर निराळीच अडचण होती. हस्तलिखिताचं प्रकाशन शाळा व्यवस्थापन समितीच्या हस्ते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे या समितीत पंचाहत्तर टक्के पालक असावे लागतात. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण पोरांना मनातलं लिहायला सांगितलं की त्याचा अर्थ असा होतो की तीन-चतुर्थांश समिती निबंधात सापडते. म्हशीचे मालक समितीचे सदस्य. आणि समितीचे अध्यक्ष दूध डेअरीचे सचिव, फॅट लावणारे.

बाजूला ठेवायच्या वह्यांचा गठ्ठा सुरू केला. आधी त्यात एकच वही होती. दहा वाजेपर्यंत अकरा झाल्या. कुणाचा काका पत्ते खेळून आल्यावर आजोबांना 'मिटिंग होती' सांगतो. कुणाच्या आईने बचत गटाचं कर्ज काढून फ्रीज घेतला आणि 'बाबांना हप्ता माहीत आहे, कर्ज माहीत नाही'. एकीने 'माझा आवडता सण' म्हणून ग्रामपंचायतीची निवडणूक लिहिली होती, कारण त्या दिवसांत घरी दोन वेळा मटण होतं.

आणि माझी खरी फजिती झाली ती शुद्धलेखनात. एका मुलीने 'माझी आजी' लिहिताना म्हटलं होतं, 'आजी म्हणते आमची सुन आळशी आहे.' माझा हात सवयीने चालला. सु खोडून सू केला. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम, अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा उकार दीर्घ : फूल, मूल, सून. वाक्य शुद्ध झालं म्हणून पुढे बरोबरची खूण केली आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशी वह्या परत दिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या दारात त्या मुलीची आई. हातात वही.

"बाई, तुम्ही बरोबर केलंय."

"हो, सून दीर्घ असतं ना, म्हणून..."

"ते नाय. आळशीपुढं बरोबर केलंय."

मी तिला व्याकरण सांगायला लागले. सून शब्द मुळात दीर्घ, पण विभक्ती लागली की 'सुनेला' होतो, तेव्हा ऱ्हस्व. ती म्हणाली, "आमच्याकडं पण तसंच हाय. माहेरी हुते तवा दीर्घच हुते." यावर माझ्याकडे नियम नव्हता.

ती गेली न गेली तोच म्हशीचे मालक. चपला बाहेर काढून आत आले, म्हणजे प्रकरण गंभीर.

"बाई, पोरगं म्हणतंय तुम्ही दुधाचं लिवून घेतलंय."

"लिहून घेतलं नाही हो. त्यानं मनानं लिहिलंय."

"त्येच म्हणतोय. मन लहान हाय त्याचं. त्यो पाणी बादली विसळायचं असतंय, त्याला दिसतंय दुधात." थोडं थांबून, इकडेतिकडे बघून, "अध्यक्ष वाचणार हायत का ते?"

मी मुलाला बोलावलं आणि बाकावर जवळ बसवलं. बाळा, म्हशीबद्दल जरा छान छान लिहूया का, म्हटलं. त्याने मान हलवली. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. म्हैस हा एक उपयुक्त पाळीव प्राणी आहे. तिला दोन शिंगे व एक लांब शेपूट असते. तिच्या दुधापासून दही, लोणी व तूप बनते. चौथ्या वाक्याला त्याने पेन्सिल थांबवली आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, हे चौतीसव्या पानावरचं आहे."

हस्तलिखित वेळेत झालं. मुखपृष्ठावर कार्डशीट, कडेने लेस, मध्ये बोरूने 'अंकुर'. तालुक्यातल्या अर्ध्या शाळांचं नाव तेच असणार. पहिल्या पानावर सरांचं मनोगत, मग एकोणीस निबंध. त्यात सात अंगणांत सडा, चार मोर, एक म्हैस. डबा ठेवला, ट्रॅक्टरमधलं घर ठेवलं. बाकीच्यांनी हसतमुखाने चौतीसव्या पानाचा आधार घेतला. अध्यक्षांनी फीत सोडली, म्हशीच्या पानावर थांबले आणि म्हणाले, "वा. पोरगं हुशार आहे." म्हशीचे मालक मागे उभे राहून सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होते.

सगळं आवरून मी वर्गात पुस्तकांचा गठ्ठा लावत बसले. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून २०२३ पासून पाठ्यपुस्तकं चार भागांत आली आणि त्यांत मध्ये मध्ये कोरी पानं. वर शीर्षक 'माझी नोंद'. मुलांनी तिथे धड्याची टिपणं घ्यावीत अशी अपेक्षा. तिसरीतलं मूल टिपण घेणार म्हणजे काय घेणार, असं आम्ही शिक्षक तेव्हा म्हणालो होतो, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती पानं पुढच्या वर्षापासून बंद करायचा निर्णयही झाला. त्या पानांवर मी वर्षभर फक्त चेंडू, ट्रॅक्टर आणि मिशा काढलेले गांधीजी पाहिले होते. गांधीजींना मिशा मुळात असतात, पण मुलांना त्या पुरेशा वाटत नाहीत.

एक पुस्तक उघडं पडलं. म्हशीवाल्याचंच. कोऱ्या पानावर पट्टीने तक्ता आखलेला. आम्ही प्रत्येक सत्रात मुलांच्या प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदी करतो, त्याचे तीन रकाने असतात. तेच तीन रकाने, त्याच क्रमाने. विद्यार्थ्याचे नाव : बाई.

विशेष प्रगती : 'स्कुटी आता पडत नाही. पोपटी साडी असली की कमी ओरडतात.'

आवड : 'चहा. मोबाईल. आमच्या डब्यातली चटणी.'

सुधारणा आवश्यक : 'किती ओळी विचारलं की राग येतो. मनातलं लिहा म्हणतात मग खोडतात.'

'स्कुटी'तला कु दीर्घ हवा का ऱ्हस्व, याचा विचार करत मी पाच मिनिटं तशीच बसले. तक्त्याखाली नियमाप्रमाणे दोन रेघा. एकीवर वर्गशिक्षकाची सही, तिथे त्याने स्वतःचं नाव लिहिलं होतं. दुसरीवर पालकांची सही, ती कोरी.

मी पुस्तक घरी आणलं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी गवार बाजूला सारली, चष्मा लावला, पुस्तक माझ्या हातातून घेतलं, तिसरा रकाना पुन्हा दोनदा स्वतः वाचला, आणि पेन मागितलं.