जेट आपलं, बिल मित्राचं

तुमच्याकडे स्वतःचं बिझनेस जेट असेलच. नसलं तर लवकर घ्या. वडोदऱ्याच्या अलकापुरीत गाडी लावायला जागा मिळत नाही, एवढं निमित्त पुरे आहे. पैशांची काळजी करू नका. विमान घ्यायला पैसे लागतात, पण चालवायला फक्त मित्र लागतात. तुम्ही न्यायचं, त्यांनी भरायचं, आणि मध्ये कायदा आडवा आलाच तर वडोदऱ्यात कुणीतरी हिशेबनीस रात्रपाळीला बसलेला असतो, तो बघून घेतो.

तो हिशेबनीस मी. आमच्या ऑफिसात पोरं रात्रभर अमेरिकेतल्या कंपन्यांची खाती लिहितात आणि सकाळी सेवउसळ खाऊन झोपतात. त्यातल्या एका शेठकडे (नाव सांगत नाही, घराचे हप्ते चालू आहेत) जेट आहे. गेल्या आठवड्यात त्याने आपल्या गोल्फच्या मित्राला, एका दातांच्या डॉक्टरला, सुट्टीसाठी डोंगरात नेऊन आणलं आणि त्याचं बिल आमच्याकडे नोंदीला आलं. वरच्या ओळी ठीक होत्या: इंधन, लँडिंग फी, दोन पायलटांच्या हॉटेलच्या दोन खोल्या, विमानात दिलेली सँडविचेस. त्याखाली ‘पायलट पगार, हिस्सा’. त्याखाली ‘इंजिन दुरुस्ती निधी’. त्याखाली घरच्या हँगरचं भाडं. मी नम्रपणे विचारलं की या खालच्या ओळी अशा लावता येत नाहीत, काय करू? उत्तर तीन शब्दांचं: ‘रिक्लास ॲज फ्युएल.’ म्हणजे इंधनात घाल. आमच्या मॅनेजरसाहेबांकडे गेलो तर ते खुर्चीतून न हलता म्हणाले, ‘जवा दो ने, भाऊ! क्लायंट कहे एम लखो.’ म्हणजे सोडून द्या, क्लायंट सांगेल तसं लिहा.

म्हटलं, ठीक. एवढं सोपं असेल तर सगळ्यांनाच शिकवून टाकू.

सगळ्यात आधी, नियम वाचू नका. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनचं, म्हणजे एफएएचं, ९१.५०१ नावाचं कलम आहे. मोठी विमानं आणि एकाहून जास्त टर्बाइन इंजिनांची विमानं त्यात येतात. (छोट्या विमानवाल्यांनाही नॅशनल बिझनेस एव्हिएशन असोसिएशनचं सभासद झालं की या कलमातली सोय मिळते, म्हणजे ‘आपलं विमान छोटं’ ही सबबही नाही.) या कलमात टाइम-शेअरिंगची सोय आहे. भाड्याचा परवाना नसतानाही आपलं विमान आपल्याच पायलटांसकट दुसऱ्याला द्या आणि त्या फेरीचा खर्च घ्या. कोणता खर्च, तेही मोजून दिलंय. इंधन आणि तेल, पायलटांचं खाणं-राहणं, बाहेरगावी विमान उभं केल्याचं भाडं, फक्त त्या फेरीपुरता काढलेला विमा, लँडिंग फी आणि विमानतळाचे कर, कस्टम्स, विमानातलं खाणंपिणं, प्रवाशांसाठी खाली ठरवलेली गाडी, उड्डाणाची आखणी आणि हवामानाची माहिती. आणि या सगळ्यावर, इंधन-तेलाचं जेवढं झालं तेवढीच रक्कम आणखी एकदा. पगार, झीज, इंजिन, जे काय असेल ते त्या जास्तीच्या रकमेत बसवा, कुणी विचारत नाही. इंधनाचे दुप्पट पैसे घ्यायची मुभा कायद्याने लेखी दिलेली असूनही ज्याचं पोट भरत नाही, त्याने खाली पगाराची वेगळी ओळ टाकावी. सही मात्र हिशेबनिसाची घ्यावी.

विमानासाठी वेगळी कंपनी काढा. हे तुम्हांला वकील सांगेल, सीए सांगेल, साडू तर सांगेलच. विमान पडलं तर दावा त्या कंपनीवर, मूळ धंद्याला झळ नाही. नाव झकास ठेवा, पायलट तिच्यात नोकरीला घ्या आणि मूळ कंपनीकडून दर महिन्याला खर्च वसूल करा. आता या नव्या कंपनीचा धंदा कोणता? माणसं विमानातून नेणं आणि त्याचे पैसे घेणं. म्हणजेच विनापरवाना विमानसेवा! कारखाना चालवता चालवता त्या कामापुरतं विमान ठेवलं, त्यातून भगिनी कंपनीच्या माणसांना नेलं आणि फार तर खर्चाएवढे पैसे घेतले, तर चालतं. नुसतं विमानच चालवणारी कंपनी काढली, की नाही. तिकडे याला फ्लाइट डिपार्टमेंट कंपनीचा सापळा म्हणतात. मूर्ख माणूस त्यात अडकत नाही, कारण त्याला वेगळी कंपनी काढायचं सुचतच नाही.

करार तोंडी ठेवा. १२,५०० पौंडांहून जड विमानाचा लीज, म्हणजे भाडेकरार, लेखी हवा, प्रत २४ तासांत ओक्लाहोमा सिटीला एफएएच्या विमान-नोंदणी कार्यालयात गेली पाहिजे, पहिल्या उड्डाणाच्या ४८ तास आधी एफएएच्या स्थानिक कार्यालयाला कळवलं पाहिजे. एवढ्यात तर मित्र परत येतो.

कराचं विचारू नका. टाइम-शेअरिंगची फेरी एफएएच्या लेखी बिगर-व्यापारी आणि करखात्याच्या लेखी व्यापारी, म्हणून वसूल केलेल्या पैशांवर ७.५ टक्के कर. सरकारच्याच दोन खात्यांचं एकमत नाही म्हटल्यावर आपण दोघांनाही न कळवणं हेच सौजन्य.

खर्च वाटून घ्यायला सहप्रवासी जमवणारं ॲप काढायची फार हौस असेल तर जरा थांबा. छोट्या विमानाच्या खाजगी पायलटला बरोबरच्या माणसांशी इंधन, तेल, विमानतळाचा खर्च आणि विमानाचं भाडं वाटून घेता येतं, पण स्वतःचा सारखा हिस्सा त्याने भरायचाच, आणि जिथे जायचंय तिथे त्याचंही काम असलं पाहिजे. ‘कोण येतंय बरोबर?’ असं साऱ्या जगाला विचारलंत की ते भाडं झालं. फ्लायटनाऊ नावाच्या एका संकेतस्थळाने हे कोर्टात लढवून पाहिलं. २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात हरले, जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हातातच घेतलं नाही. ‘पण युरोपात चालतं’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपवर असतो. चालतं, साध्या, छोट्या विमानात, पायलट धरून सहा जणांत, आणि तेही थेट खर्चापुरतं. जेटचा तिथे काही संबंध नाही.

आता खरी युक्ती: ड्राय लीज. नुसतं विमान भाड्याने दिलं आणि पायलट घेणाऱ्याने आपला आणला, तर पैसे हवे तेवढे घ्या, वर सांगितलेली यादी वगैरे काही लागू नाही. कारण त्या फेरीचा ऑपरेटर तो, जबाबदारी त्याची. तेव्हा कागदावर असंच लिहायचं. पायलटचं बिल वेगळ्या नावाने काढायचं. मित्राला सांगायचं, ‘पायलट तुम्ही कुणीही निवडा,’ आणि खाली एकच फोन नंबर द्यायचा. तो नंबर अर्थात तुमच्याच पायलटचा. मित्र सही करतो. आपण गाडी लावताना पावती जशी न वाचता खिशात टाकतो तितक्याच गंभीरपणे. त्या सहीसरशी तो ऑपरेटर झाला. पायलट काल रात्री किती झोपला, सामानाचं वजन कोणी मांडलं, कुठला सुटा भाग बदलायचा राहून गेलाय, सगळं आता कायद्याने त्याच्या डोक्यावर. तो दात काढतो हो! त्याला पंखाची पुढची बाजू कोणती ते विचारलं तर तो पायलटकडे बघेल.

आपल्याकडे पांढऱ्या पाटीची इनोव्हा ठरवून नाथद्वाऱ्याला निघालं की ड्रायव्हर आजवाच्या चौकाआधीच शिकवून ठेवतो, ‘पोलिसाने विचारलं तर म्हणा नातेवाईक आहोत.’ तेच हे, फक्त चाळीस हजार फुटांवर. आणि इनोव्हा बंद पडली तर निदान कडेला घेता येते.

कुणी म्हणेल, परवाना काय, एक कागद. अहो, तो कागद नाही! भाड्याच्या विमानांसाठी तिकडे एफएएच्या नियमांचा भाग १३५ आहे. त्यात पायलटने किती तास काम करायचं आणि किती तास विश्रांती घ्यायची याला मर्यादा आहे. खाजगी उड्डाणाला तशी मर्यादाच नाही. शेठ म्हणेल तोवर उडायचं. उपकरणांवर विमान नेणाऱ्या कॅप्टनची दर सहा महिन्यांनी परीक्षा असते. मोठ्या जेटने निघण्याआधीच हिशेब मांडायचा की जिथे उतरायचं त्या धावपट्टीच्या ६० टक्क्यांत आपण थांबू शकतो का. खाजगीत शेवटचा फूट येईपर्यंत सगळी धावपट्टी तुमचीच. हे सगळं पाळायला पैसे पडतात, म्हणून परवान्याचं विमान महाग. आणि तुम्ही ‘आपसात वाटून घेऊ’ म्हणून जे वाचवता ना, ते नेमके तेच पैसे. झोपेचे, परीक्षेचे आणि उरलेल्या ४० टक्के धावपट्टीचे.

काय होतं मग? २ फेब्रुवारी २००५ ला न्यू जर्सीतल्या टेटरबोरो विमानतळावर एक चॅलेंजर जेट धावत सुटलं आणि वर उठलंच नाही. नाकाकडे भार जास्त झाला होता. कुंपण फोडून, गाड्यांनी भरलेला रस्ता ओलांडून ते समोरच्या गोदामात घुसलं. कुणी मेलं नाही, हे नशीब. ते चालवणाऱ्या कंपनीकडे भाड्याचा स्वतःचा परवाना नव्हता. जिथे स्वस्त मिळेल तिथे टाकी ठासून भरायची आणि वजनाचे कागद मागाहून जुळवायचे, असा तिथला कारभार होता. कागद कुठल्या टेबलावर जुळवत असतील, हे मला कुणी सांगायला नको. २०१० मध्ये ती कंपनी चालवणारे दोषी ठरले.

२१ जानेवारी २०१९ ला नशीब नव्हतं. एमिलियानो साला हा फुटबॉलपटू नांतहून कार्डिफला निघाला, एका इंजिनाच्या पायपर मालिबूमधून, रात्री. पैसे घेऊन प्रवासी न्यायचा परवाना पायलटकडे नव्हता आणि रात्री उडवायची पात्रताही नव्हती. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरला आणि विमान ग्वेर्नसीजवळ समुद्रात गेलं. साला २८ वर्षांचा होता. ज्याने ते उड्डाण जुळवून दिलं त्याला २०२१ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्याने विमान उडवलं नव्हतं. त्याने फक्त ‘अरेंज’ केलं होतं.

सल्ले पुरेत आता.

शेठ, कोट्यवधींचं विमान घेता आणि मित्राच्या बिलात पायलटच्या पगाराचा तुकडा चोरून घुसवता, लाज वाटत नाही? परवडत नव्हतं तर घेतलंत कशाला? सरळ रस्ते नाहीत असंही नाही. दोघांनी मिळून नावावर घ्या, पायलट एकाने ठेवावेत, दुसऱ्याने करारात लिहिलेला हिस्सा द्यावा. याला जॉइंट ओनरशिप म्हणतात आणि ती त्याच कलमात आहे. मित्राकडेही विमान असेल तर तासाला तास बदलून वापरा, दोन विमानांच्या खर्चात फरक पडेल तेवढाच पैशांत चुकता करा; तेही त्याच कलमात आहे. खरंच भाडं कमवायचंय? भाग १३५ चा परवाना असलेल्या कंपनीकडे विमान सोपवा, ती तुमच्यासाठी गिऱ्हाईक आणेल आणि पायलटला झोपूही देईल. यातलं काही गुपित नाही. वाचायला एक कप चहा पुरतो. तुम्हांला वाचायचंच नाहीये, कारण वाचलंत तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही.

आणि आमचे इथले साहेब. ‘जवा दो ने’ म्हणायला तुमचं काय जातं? विमान न्यू जर्सीत पडलं काय आणि समुद्रात पडलं काय, आपण तर गोत्री रोडवर बसलोय, असंच ना? चौकशी होईल तेव्हा पगाराची ओळ इंधनात कोणी आणि किती वाजता टाकली हे सॉफ्टवेअर पहिल्या पानावर दाखवेल. तिथे क्लायंटचं नाव नसेल, तुमचंही नसेल. रात्रपाळीच्या पोरांची नावं असतील, आणि त्यातल्या निम्म्यांना ९१.५०१ हा एखादा खातेक्रमांक वाटतो. त्यांना तुम्ही कधी शिकवलंत? सहा महिने ‘टर्नअराउंड टाइम’, म्हणजे काम किती वेळात उरकायचं ते, शिकवलात, कुठली नोंद करायची नाही हे एका दुपारी तरी सांगितलंत?

आणि तुम्ही, मित्राचं जेट आहे म्हणून हसत हसत चढणारे! दातांचे डॉक्टर असाल, बिल्डर असाल, नाहीतर सुट्टीत न्यू जर्सीला मुलाकडे गेलेले आमचे मांजलपूरचे काका असाल. ‘आपलाच माणूस आहे, त्याला कसं विचारायचं?’ विचारायचं म्हणजे विचारायचं! साडी घेताना मंगळ बाजारात तीन दुकानं फिरता आणि इथे तोंड उघडत नाही? या फेरीचा ऑपरेटर कोण, तू की मी? मी पैसे देतोय ते कशाचे, यादी दाखव. भाडं घेतोयस तर भाग १३५ चा परवाना दाखव. मी ज्या कागदावर सही केली तो आधी मला वाचून दाखव. मित्र चिडला, हसण्यावारी नेलं, ‘अरे आपसातलंच आहे’ म्हणाला, तर बॅग उचला, शिडीवरून खाली उतरा आणि तिकीट काढून जा.