इथे, इथे आणि इथे

आज दुपारी एका मैत्रिणीच्या हक्कसोडपत्राला, म्हणजे वारसाहक्काने आलेला हिस्सा सोडून देण्याच्या कागदाला, साक्षीदार म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात गेले होते. तिचे वडील जाऊन सहा महिनेही झालेले नाहीत. भावांनी कागद टाइप करूनच आणले होते. तिने ते वाचायला घेतले, तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, त्यात वाचायचं काय, नुसती फॉर्मॅलिटी आहे," आणि पानांवर बोट ठेवून सह्यांच्या जागा दाखवू लागला: इथे, इथे आणि इथे. माझ्या अंगावर काटा आला, कारण असेच एक बोट मी २०१९ साली पाहिले होते.

ते माझ्या दादाचे होते. बाबांनी मृत्युपत्र केले नव्हते आणि घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचे होते, म्हणजे आई, दादा, मी आणि धाकटी बहीण असे चार वारस, प्रत्येकाचा चौथा हिस्सा. हे आज मला तोंडपाठ आहे. त्या संध्याकाळी ठाऊक नव्हते. पेन्सिलीने केलेल्या फुल्यांवर दादा बोट ठेवत गेला आणि मी न वाचता सह्या करत गेले. माझ्यानंतर बहिणीने केल्या. मग आई चष्मा शोधू लागली, तर दादा तिला म्हणाला, "चष्मा कशाला, मी दाखवतो ना कुठे करायची ते." आणि मी, तिची शिकलेली मुलगी, तिथेच गप्प बसून राहिले.

मुलीला हिस्सा असावा की नसावा, हा वाद घालण्यासाठी मी हे लिहीत नाही. तुम्हा सर्वांना तो मान्यच आहे. राग वेगळ्या गोष्टीचा आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला, पण त्याच कायद्याच्या कलम २३ ने असेही म्हटले होते की ज्या घरात कुटुंब राहते त्या घराची वाटणी, पुरुष वारस स्वतः ठरवेपर्यंत, तिने मागायची नाही. ते कलम जायला ९ सप्टेंबर २००५ उजाडावे लागले. आता वाटणी मागण्याचा अधिकार आहे, म्हणून ती मागण्याची वेळच येऊ नये अशा बेताने, दुःख ताजे असताना बहिणीपुढे कागद ठेवले जातात. वर "तुला तिकडे काय कमी आहे?" असे विचारले जाते. हा प्रश्न भावाला कोणी का विचारत नाही?

बाबांच्या आजारपणाची चार वर्षे दादानेच काढली आणि मी शनिवार-रविवारीच उगवत होते, हे मला कबूल करावेच लागेल. त्याने मोकळेपणाने मागितले असते, तर माझा हिस्सा मी आनंदाने त्याच्या नावे केला असता. पण आम्ही चौघे त्या घराबद्दल बोलायला एकदाही एकत्र बसलो नाही. बसलो असतो तर मार्ग होते. घराची किंमत काढून राहणाऱ्याला इतरांचे हिस्से हप्त्याहप्त्याने घेता आले असते, किंवा काही वर्षे घर सामाईक ठेवता आले असते. निदान आईचा तहहयात राहण्याचा हक्क तरी स्पष्ट शब्दांत लिहून घेता आला असता. हक्कसोडपत्राची नोंदणी झाल्यावर ते आपल्या एकटीच्या मर्जीने मागे घेता येत नाही, हेही मला पुढे कळले.

त्यानंतरच्या दिवाळीत माहेरी गेले होते. माळ्यावरची आईची लोखंडी ट्रंक काढायला मी स्टुलावर चढले, तर वहिनी धावत येऊन म्हणाली, "ताई, काय हवंय सांगा ना, मी काढून देते." तिच्या बोलण्यात माया होती, तिला मी आजही दोष देत नाही. मी मुकाट्याने खाली उतरले. ज्या माळ्यावर लहानपणी लपून बसायचे, तिथे हात घालायला त्या दिवशी मला संकोच वाटला.

याहून जास्त लागले ते आईचे बोलणे. गेल्या वर्षी तिला स्वयंपाकघरातली खिडकी मोठी करून हवी होती, कारण तिला आता कमी दिसते. मी म्हटले, "मग करून घे की." फोनवर थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "तूच दादाला विचारून बघ गं, घर आता त्याचं आहे." जिने बाबांबरोबर त्या भिंतींवर पाणी मारले, तिने खिडकीसाठी मुलीकडे शब्द टाकावा! त्या संध्याकाळी मी तिला चष्मा आणून दिला असता तर, एवढेच मनात येत राहते.

माझ्या मैत्रिणीने आज सही केली नाही. "घरी नेऊन वाचते, आईलाही वाचून दाखवते," म्हणाली आणि कागद पिशवीत घातले. भावांचे चेहरे पडले, रिक्षात ती रडलीही. कदाचित पुढच्या आठवड्यात ती सही करेलही. तो तिचा निर्णय असेल.

मी आता दादाला फोन करणार आहे. रविवारी येते आहे, खिडकीचे माप घ्यायला गवंडी बरोबर आणते आहे आणि माळ्यावरची ट्रंक माझी मी काढणार आहे, एवढेच त्याला सांगायचे आहे.