सपाट जमिनीवरचं म्हातारपण

गेल्या श्रावणात आई घाटीत पडली. आमचं घर देवगड तालुक्यात, डोंगरउतारावर. रस्ता आणि देऊळ खाली, मधे जांभ्याच्या ६४ पायऱ्या, तीच आमची घाटी. खुब्याचं हाड मोडलं. आरामखुर्चीला बांबू बांधून चौघांनी भर पावसात तिला खाली उतरवलं. गाडीत बसल्यावर कोल्हापूरपर्यंतचा घाट सोपा वाटला, एवढंच सांगतो.

ऑपरेशन चांगलं झालं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, प्रेशर, साखर सगळं ठीक म्हणाले. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तां सगळा ऱ्हवांदे. माका इतक्याच सांगा, जत्रेक मी घाटी उतरतलंय की नाय?" डॉक्टर हसले. भला माणूस आहे, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. "बघू हळूहळू," म्हणाले.

तेव्हापासून मी त्या प्रश्नाच्या मागे लागलोय. म्हातारपणावर संशोधन करायचं तर आधी कशावर करावं, याचा विचार करतोय. निवृत्त माणसाला वेळ असतो.

आपल्याकडे म्हाताऱ्यांवर संशोधन होतच नाही, असं मुळीच नाही. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरात ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांवर लोकांची पाहणी केली. 'लासी' म्हणतात तिला. नुसते प्रश्न विचारले नाहीत, हाताच्या पकडीचा जोर, उभं राहताना तोल, चालण्याचा वेग, सगळं मोजलं. मोठं काम आहे, मी नावं ठेवत नाही. पण चालण्याचा वेग मोजतात तो सपाट जागेवर. आमच्या वाडीत सपाट जागा म्हणजे ज्याचं त्याचं खळं, घरापुढचं अंगण. खळ्याबाहेर पाय टाकला की एकतर चढ नाहीतर उतार. सपाटीवर आईला कोणीही पास करेल. आता काठी घेऊन ती खळ्यात दहा फेऱ्या मारते.

घाटीचं गणित वेगळं. जांभा पाणी धरून ठेवतो. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर फणस-आंब्याची सावली, म्हणजे जूनपासून दिवाळीपर्यंत पायरीवर शेवाळ. आईचा चष्मा दुहेरी काचेचा. खाली बघितलं की नजर वाचायच्या भिंगातून जाते आणि पायरीची कड धूसर होते. त्यात प्रेशरची गोळी. काहींना ती घेतल्यावर चटकन उठलं तर रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. आई पडली ती सकाळी गोळी घेऊन, फुलं काढायला निघाली तेव्हा. यातली एकेक गोष्ट डॉक्टरांना माहीत आहे. पण शेवाळ, चष्मा आणि गोळी ही तिन्ही एकाच पायरीवर भेटतात, तो विषय कुठल्या खात्याचा? हाडांचा, डोळ्यांचा, की ग्रामपंचायतीचा?

मला विचाराल तर संशोधनाचा पहिला पैसा इथे घाला. दहा वाड्यांत पायऱ्यांना टाकी मारून त्या खरबरीत करा, एका बाजूला पाइपाचा कठडा लावा. दुसऱ्या दहा वाड्या आहेत तशा राहू देत (त्यांना नंतर लावा, नाहीतर शिव्या खाल). दोन पावसाळे कोण किती वेळा पडलं ते मोजा. नव्या गोळीच्या चाचणीमागे कंपनी उभी असते. कठड्याची चाचणी करून कोणाला काय मिळणार? म्हणून हे सरकारी पैशातूनच व्हायला हवं. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली, उत्तम झालं. पण ते पाच लाख पडल्यानंतरचे.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. माणसं मुंबईला, घरं म्हाताऱ्यांकडे. आता पाहणीवाले 'कुटुंब' धरतात, म्हणजे एका चुलीवर जेवणारे. त्या हिशेबाने आमच्या शेजारची काकी एकटी. पण तिचं दार सकाळी सातपर्यंत उघडलं नाही तर तीन घरांतून हाक जाते. उलट वरच्या घरातलं जोडपं कागदावर एकटं नाही. तो पंच्याऐंशीचा, ती ऐंशीची, तिला ऐकू येत नाही, त्याला दिसत नाही आणि भावकीशी कोर्टात दावा चालू. खरं एकटं कोण? कोकणात घर मोजून हे कळायचं नाही, वाडी मोजावी लागेल.

विसराळूपणाबद्दल थोडंच लिहितो. लासीच्याच आधारे केलेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून जास्त जणांना डिमेन्शिया आहे आणि त्याचं प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त. आमच्याकडे त्याला "वय झाला" म्हणतात आणि विषय संपतो.

ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स नावाचं काम चालतं. रुग्ण, त्यांची देखभाल करणारे आणि डॉक्टर एकत्र बसतात आणि कोणत्या प्रश्नांवर आधी संशोधन व्हावं ते मिळून ठरवतात. शेवटी दहा प्रश्न निवडतात. नाव कोणाचं, तर १७४७ मध्ये आजारी खलाशांना वेगवेगळे उपाय देऊन, संत्री-लिंबांनी स्कर्व्ही बरा होतो हे दाखवणाऱ्या जहाजावरच्या डॉक्टरचं. आमच्या बंदरावरच्या लोकांना पटेल असा माणूस. अशी एक बैठक देवळाच्या सभामंडपात घ्या. पण दुपारी चारला घ्या आणि माइक नीट लावा, निम्म्यांना ऐकू येत नाही. कठडा, रात्रीची गाडी, दाताची कवळी, परसाकडे जायची वाट, असले प्रश्न निघतील. निघू देत.

जत्रा मार्गशीर्षात. मी म्हटलं, "आई, खुर्चीवर बसवून नेऊया, पोरं आहेत, दशावतार बघून पहाटे परत." तर म्हणाली, "उचलून न्हेतलास? मी काय मेलंय?"

हल्ली रोज उन्हं वर आली की ती घाटीवर जाते. मी दोन पायऱ्या पुढे, उलटा. परतल्यावर कॅलेंडरवर पेन्सिलने आकडा लिहिते. सोमवारी १४, मंगळवारी १४, बुधवारी पाऊस, काल १९.