कोर्टात हातोडा नसतो हो!

आज जेवताना डोकंच फिरलं. आई रात्रीची तिची ती सूडाची मालिका बघते. (नाव लिहीत नाही, निम्म्या मैत्रिणी अनफ्रेंड करतील.) आज कोर्टाचा महाएपिसोड होता. नायिकेला जन्मठेप होणार, इतक्यात दार धाडकन उघडलं आणि सहा महिन्यांपूर्वी दरीत पडून मेलेला ड्रायव्हर कपाळाला पट्टी बांधून आत! खिशातून पेन ड्राइव्ह काढला. जजसाहेबांनी हातोडा आपटला, खलनायिका सासूबाई घामाघूम, निकाल तिथल्या तिथे. आणि आमच्या मातोश्रींनी चक्क टाळ्या वाजवल्या.

अहो, आपल्या कोर्टात हातोडा नसतोच! पेन ड्राइव्ह नुसता टेबलावर ठेवून भागत नाही, सोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी त्यासाठी जुन्या साक्ष कायद्यातलं कलम ६५ ब होतं, आता नव्या साक्ष कायद्यात कलम ६३. बरं, फौजदारी खटल्यात कोर्टाला वाटलं तर कुठल्याही टप्प्यावर साक्षीदार बोलावता येतो, मान्य. पण मेलेला?

मी वकील नाही. बाबांच्या फायली वाचत मोठी झाले, एवढंच.

आजोबांचं तालुक्याला घर होतं. दोन खोल्या आणि मागे विहीर. त्यावरून बाबा आणि त्यांचे चुलतभाऊ एकोणीस वर्षं भांडले. बडोद्याच्या दांडियाबाजारातून सकाळी बाबा निघायचे, निळ्या रेक्झिनच्या पिशवीत फाईल आणि पोळी-भाजीचा डबा. काम चाललं तर मधल्या सुट्टीत तिथेच जेवायचे. मुदत पडली, म्हणजे नुसती पुढची तारीख मिळाली, तर दुपारच्या एसटीने घरी. त्यामुळे आई काही विचारायचीच नाही, पिशवीतून डबा काढून नुसता हातात तोलायची. जड लागला की मुदत.

मालिकेतलं कोर्ट म्हणजे निव्वळ राजवाडा. खांब काय, झुंबर काय! आपलं बडोद्याचं सूरसागर तलावासमोरचं न्यायमंदिर आहे म्हणा तसं देखणं, १८९६ चं. पण तिथली कोर्टंसुद्धा २०१८ मध्ये दिवाळीपुऱ्याला गेली. बाबांच्या वाट्याला आलं ते तालुक्याचं, बाहेर एक बाकडं आणि आत खडखडणारा पंखा.

निकालाच्या दिवशी पुकारा झाला, जजसाहेबांनी शेवटच्या दोन ओळी वाचल्या आणि पुढचं प्रकरण घेतलं. मिनीटभरसुद्धा नाही. काका तोवर वारले होते, त्यांच्या जागी काकू आल्या होत्या. पंख्याच्या आवाजात त्यांना काही ऐकूच आलं नाही. त्यांनी शेजारी कुणाला विचारावं? बाबांनाच. "भावोजी, काय झालं हो?"

एकोणीस वर्षांचा दावा जिंकल्याची बातमी बाबांनी सगळ्यात आधी सांगितली ती हरलेल्या बाईला. आता लिहा ना यावर डायलॉग! लावा ढोल-ताशे, सासूच्या तोंडावर तीनदा झूम करा! कुणाचा बदला घ्यायचा होता तिथे? पांढऱ्या लुगड्यातल्या काकूंचा?

त्या दिवशी डबा जड होता. आईने नेहमीसारखा तोलला, काही न बोलता भाजी पातेल्यात काढली आणि रात्रीच्या जेवणासाठी झाकून ठेवली. बाबांनी संध्याकाळी चहा पिताना सांगितलं. आई "बरं झालं" म्हणाली आणि कप उचलून आत गेली. आमच्या घरातला महाएपिसोड हा एवढाच.

तर आज मी तावातावाने आईला म्हटलं, "असं काही नसतं गं कोर्टात! तू तरी टाळ्या वाजवू नकोस."

तिने टीव्हीवरून नजरही हलवली नाही. "मला शिकवतेस? डबे कोण घासत होतं?"

मग मी गप्प बसले. जाहिराती संपल्यावर पुढचा भाग तिच्या शेजारी बसून बघितला. ड्रायव्हर फारच वाईट काम करतो, ते एक असो.

उद्या दुपारी हाच एपिसोड पुन्हा लागणार आहे. त्या वेळात फोन करायचा नाही, अशी तंबी आत्ताच मिळाली आहे.