‘गोव्यात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?’ या सल्ल्याचा प्रतिवाद

पोर्चमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी पद्मिनी मोटार पुन्हा चालू कशी करावी, याबद्दलचा एक सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर हातोहात पुढे जातो आहे. त्याचं म्हणणं असं: गोव्यात बर्फ पडत नाही, तेव्हा कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) गरज नाही. रेडिएटरमधलं जुनं अजून हिरवं दिसत असेल तर ठेवा, कमी पडेल तेवढं विहिरीचं पाणी घाला आणि स्टार्टर मारा. काढायचंच झालं तर माडाच्या आळ्यात ओता.

बर्फाचं आधी पाहू. गोठू न देणं हे कूलंटच्या कामांपैकी एकच काम. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) आणि निम्मं पाणी हे मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं, रेडिएटरच्या टोपीच्या दाबाखाली त्याहूनही वर. मे महिन्यात अनमोड घाट चढताना हे काही अंश फार मोलाचे असतात. त्याहून मोठं काम गंज रोखण्याचं. पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, त्यावर बसणारं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा. इतके वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडालेले असले की मरण अ‍ॅल्युमिनियमचं.

‘हिरवं आहे म्हणजे चांगलं आहे’ हे तर साफ चूक. हिरवा हा नुसता रंग, तो टिकतो. गंजरोधक रसायनं संपतात. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये ती साधारण दोन वर्षांत संपतात, गाडी एक किलोमीटर न चालली तरी. मग ग्लायकॉलचं हळूहळू आम्ल होत जातं. आम्लता दाखवणारी पीएच पट्टी बुडवून पाहा: आकडा ७च्या खाली गेला असेल, तर ते पाणी आतून हेड खातं आहे.

विहिरीचं पाणी प्यायला गोड असलं तरी इंजिनाला चालत नाही. जांभ्यातलं पाणी अनेकदा किंचित आम्लधर्मी असतं, किनाऱ्याजवळ उन्हाळ्यात त्यात क्षार चढतात. रेडिएटर आणि ब्लॉक आतून धुवायला वापरा, पण शेवटची धुणी आणि नवं मिश्रण डिस्टिल्ड वॉटरचंच हवं.

आणि लगेच स्टार्टर मारू नका. गाडी उभी असताना गंजाचा गाळ ब्लॉकच्या तळाशी बसलेला असतो. पंप फिरला की तो उठतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. म्हणून इंजिन थंड असतानाच रेडिएटरची तोटी उघडा, मग ब्लॉकचा ड्रेन प्लगही. हा प्लग बहुतेक जण विसरतात. प्लग काढूनही काहीच आलं नाही तर आत पाणी नाही असं समजू नका. भोकात तार घालून ढवळा, आधी विटकरी चिखल येतो, मग पाणी. डिपस्टिकही (ऑइल मोजायची पट्टी) काढून पाहा. ऑइल दुधाळ दिसलं तर हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटमधून पाणी आत गेलं असण्याची शक्यता मोठी, इंजिन फिरवूच नका.

आता माडाचं आळं. सगळ्या सल्ल्यात मला सर्वांत जास्त संताप याचा येतो. कूलंटमधलं एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड, म्हणून कुत्री ते चाटतात. मांजरांना गोड चव कळत नाही, तरी तीही चाटतात. शुद्ध ग्लायकॉल मांजराला वजनाच्या किलोमागे दीड मिलिलिटर पोटात गेलं तरी जीव जाऊ शकतो. जनावर आधी झिंगल्यासारखं चालतं, मग सुधारल्यासारखं वाटतं, आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. चाटल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या. उतारा पहिल्या काही तासांतच लागू पडतो. जांभ्याची जमीन सच्छिद्र, आणि विहीर बहुधा माडापासून चार पावलांवर. शिवाय जुन्या कूलंटमध्ये रेडिएटरच्या डाखाचं शिसं उतरलेलं असतं.

पसरट टब खाली ठेवून ते गोळा करा, पहिल्या धुण्याचं पाणीही त्यातच. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर ‘विष, जुनं कूलंट’ असं ठळक लिहा. पिण्याच्या पाण्याची बाटली अजिबात नको. जुन्या इंजिन ऑइलमध्ये ते मिसळू नका, नाहीतर ऑइलही पुनर्वापरातून बाद होतं. वर्कशॉपमध्ये देण्याआधी एवढंच विचारा: तुम्ही हे घातक कचऱ्यात देता की गटारात सोडता? उत्तर नीट मिळालं नाही तर कॅन परत घेऊन दुसरं वर्कशॉप गाठा.