टाकळा पेरून गाजर गवत 'कायमचे' जात नाही

पावसाळा तोंडावर आला की शेतकऱ्यांच्या गटांमधून एक संदेश फिरू लागतो: 'पडीक जागेत टाकळ्याचे बी फेका, गाजर गवत कायमचे नष्ट होईल. खर्च नाही, धोका नाही, टाकळा तर आपलाच.' यातील बी फेकण्याचा सल्ला चांगला आहे. जूनच्या सरींबरोबर टाकळा दाट उगवतो आणि त्याच सुमारास जमिनीला चिकटून पाने पसरणाऱ्या गाजर गवताच्या रोपांना ऊन मिळू देत नाही. आक्षेप आहे तो पुढच्या दाव्यांना.

'कायमचे' हा शब्द सर्वांत फसवा आहे. टाकळा हे पावसाळी झाड असून दिवाळीनंतर शेंगा तडकून ते वाळते, तर गाजर गवताला ऋतूचे बंधन नाही. ओल मिळाली की ते बाराही महिने उगवते आणि महिना-दीड महिन्यात फुलावर येते. एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया धरू शकतात आणि त्या मातीत काही वर्षे जिवंत राहतात. त्यामुळे पाटाच्या कडेला किंवा उसाच्या बांधावर, जिथे उन्हाळ्यातही ओल असते, तिथे टाकळ्याच्या वाळलेल्या काटक्यांमधूनच पांढरी फुले डोकावताना दिसतात. गाजर गवताला आळा घालण्यासाठी १९८४ मध्ये बंगळुरू येथे सोडण्यात आलेले मेक्सिकन भुंगेसुद्धा त्याची पाने मुख्यतः पावसाळ्यातच खातात, म्हणजे टाकळा आणि भुंगा हे दोन्ही पहारेकरी एकाच वेळी रजेवर जातात. उरलेल्या महिन्यांत फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून, झाड मुळासकट उपटण्याला पर्याय नाही.

'धोका नाही' हे म्हणणे बी कोणते आहे यावर अवलंबून आहे. आपल्या भाजीच्या टाकळ्याला पानाच्या तीन जोड्या असतात आणि लांब, बारीक, वाकडी शेंग लागते. गाजर गवतावर उपाय म्हणून 'कॅसिया' या नावाने शिफारस झालेली दुसरी जात, कॅसिया युनिफ्लोरा, टाकळ्याची भाऊबंद असली तरी मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली, म्हणजे गाजर गवताच्याच मुलखातली आहे. तिने गाजर गवत मागे रेटले हे खरे, पण दख्खनच्या माळांवर आता तीच चाऱ्याच्या गवताची आणि इतर रानवनस्पतींची जागा व्यापते आहे, आणि गुरे तिला तोंड लावत नाहीत. (टाकळ्यालाही ती सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून चराऊ कुरणात तोही नको.) पोत्यावर नुसते 'कॅसिया' लिहिलेले बी मी तरी विकत घेणार नाही, ओळखीच्या झाडाच्या शेंगा ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्वतः गोळा करून ठेवाव्यात आणि पावसाआधी विखराव्यात.

'टाकळ्याच्या मुळांतील रसाने गाजर गवत जळते' अशी एक पुरवणीही हल्ली जोडली जाते. प्रयोगशाळेत पाल्याच्या अर्काने बियांची उगवण रोखली जाते, एवढे खरे. शेतात मात्र मुख्य काम दाट सावलीचे असते, म्हणून विरळ पेरलेल्या टाकळ्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. उभ्या पिकात तर टाकळा हे स्वतःच तण ठरते.