तिला हळदीकुंकवाला कोण बोलावणार?

आमचा कट्टा सोलापूरच्या चार पुतळ्यापाशी, संध्याकाळी सातला. १५ जानेवारीला गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गर्दी एवढी, की गाड्या लांब लावून चालत यावं लागलं. त्या दिवशीचा चहा अण्णांचा असतो. अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतले निवृत्त हवालदार. १९४९ साली याच तारखेला करिअप्पांनी ब्रिटिश जनरलकडून सैन्याची सूत्रं घेतली, म्हणून हा सेना दिन, हे ते दर वर्षी सांगतात आणि आम्ही दर वर्षी ऐकतो.

विषय बंड्यानं काढला. त्याच्या गावचा जवान दोन वर्षांपूर्वी ड्युटीवर गेला. पोरांनी आता वेशीत कमान उभारायची ठरवलीय.

"अण्णा, पाचशेची पावती फाडू का?"

"फाड की. पण बे, त्याच्या घरी शेवटचा कधी गेलतास?"

बंड्या गप्प. वकील त्याच्या मदतीला धावले. "कमान पाहिजेच. नाव कुठं कोरलेलं नसलं तर पुढच्या पिढीला कोण सांगणार? दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक व्हायला २०१९ साल उजाडलं. साताऱ्याचं अपशिंगे बघा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले, म्हणून गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. आणि हे समोरचे चौघं? धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला स्वातंत्र्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेले. हे पुतळे नसते तर आज किती पोरांना नावं सांगता आली असती?"

हे मला पटलं. अण्णांनाही पटलं असावं, कारण ते लगेच काही बोलले नाहीत. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कसा गेला तुमचा जवान?"

"गाडी दरीत गेली."

"म्हणजे कागद नीट लागले का बघा आधी."

इथं वकिलांनी खुलासा केला, तो मला महत्त्वाचा वाटतो. शत्रूशी लढताना किंवा अतिरेक्यांच्या गोळीनं गेला, तर पत्नीला शेवटच्या पगाराएवढी पूर्ण पेन्शन. लढाई नाही पण मरण नोकरीमुळं आलं, तर साठ टक्के. अपघात कुठं झाला, माणूस कोणत्या कामावर होता, यावर सगळं ठरतं. म्हणून चौकशीचा अहवाल जपून ठेवायचा, अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं. शिवाय शौर्यपदकाचा भत्ता. पत्नीनं दुसरं लग्न केलं की तो बंद व्हायचा, दिराशीच केलं तर मात्र चालू! ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये रद्द झाली. इतकी वर्षं ती कुणाला खटकली नाही, याचाच मला राग येतो.

"पैशाचं होतं ओ कसंतरी," अण्णा म्हणाले. "मी एकाची पेटी घेऊन गेलतो त्याच्या गावाला. काळी ट्रंक असती आमची, वर पांढऱ्या रंगानं नाव-नंबर. आत स्वेटर, दाढीचं सामान, पोरीसाठी घेतलेल्या रबरी चपला. म्हातारीनं पेटी उघडली नाही. मला विचारलं, त्या दिवशी जेवला होता का तो? मी हो म्हणालो. मला माहीत नव्हतं."

कट्ट्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग बंड्या हळूच म्हणाला, "आम्ही काहीच करत नाही असं नाही अण्णा. २६ जानेवारीला वहिनींना झेंडावंदनाला बोलावतो, साडी-चोळी देतो."

"आणि कुंकू कोण लावतं?" मास्तरांनी विचारलं.

"ते... कुणी लावत नाही."

मास्तर आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढला. "व्यासपीठावर वीरपत्नी आणि संक्रांतीला विधवा! आपल्याच करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडेंनी ही प्रथा मोडायची मोहीम काढली. मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं ठराव केला, कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारचं परिपत्रक आलं. तुझ्या गावात ठराव झाला का?"

"म्हातारी माणसं ऐकत नाहीत मास्तर."

"आणि तिलाच नको असेल तर?" वकील म्हणाले. "तिच्या दुःखाचा आपण कार्यक्रम करायचा का?"

"नको म्हणायचा हक्क तिचा," अण्णा म्हणाले. "पण विचारल्याशिवाय ती नको तरी कशी म्हणणार?"

मी तोवर गप्प होतो, कारण बोलायला तोंड नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावर अशाच एक ताई राहतात. नवरा बर्फात गेला, मुलगी सातवीत. सात वर्षं त्या वर आहेत. दर ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा झेंडा मी खिशाला लावतो, त्यांना नमस्कारही करतो. पण दर संक्रांतीला आमच्या घरचं वाण सगळ्या जिन्याला जातं आणि त्यांच्या दारावरून परत फिरतं. हे मी कट्ट्यावर सांगितलं. कुणी मला दोष दिला नाही. "हळदीकुंकू कधी आहे तुमच्याकडं?" एवढंच अण्णांनी विचारलं.

बंड्याची पावती शेवटी पाचही जणांनी फाडली. मास्तर पुढच्या आठवड्यात त्याच्या गावी जाणार आहेत, सरपंचांशी ठरावाचं बोलायला. वकील पेन्शनचे कागद बघायला बरोबर जातील.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. भाकरी थापता थापता तिनं ऐकलं. "बोलवायला मी स्वतः वर जाते," ती म्हणाली. "दरवर्षी जिन्यात पाय अडतो माझा. पण आईंना तुम्ही सांगायचं."

आई आत जप करत होती. वीस वर्षं झाली बाबांना जाऊन. तेव्हापासून तीही कुणाच्या हळदीकुंकवाला गेलेली नाही, हे मला तिच्या दाराशी उभं राहिल्यावर आठवलं.